सतरा नंबर हजर

लातूरच्या त्या सरांनी कितीतरी वर्षं फिजिक्सचे क्लासेस घेतले होते. पोरं कमी यायला लागली तसे त्यांनी क्लास बंद केले आणि सहली काढायला सुरुवात केली. पद्धत मात्र तीच ठेवली. उदगीरहून निघताना हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला एवढंच ठाऊक की आठ दिवसांत गणपतीपुळे, मालवण, गोवा, गोकर्ण, मुरुडेश्वर, उडुपी असा पश्चिम किनारा वरपासून खालपर्यंत बघायचा, आणि आचारी सोबत असल्यामुळे जेवण आपल्या चवीचं.

लातूर मागं पडलं तसा सरांनी माईक हातात घेतला आणि प्रत्येकाला रोल नंबर दिला. यांना सतरा, मला अठरा. मग एकेक वही आणि एकेक पेन.

वही उलटीपालटी करून हे म्हणाले, "सर, हे काय करून राहिले तुम्ही? आम्ही समुद्र बघायला निघालो."

"बघायचाच आहे," सर म्हणाले. "पण बघून विसरलात तर काय उपयोग? रोज संध्याकाळी पन्नास गुणांची चाचणी. जास्त गुणवाल्यांना दुसऱ्या दिवशी पुढची खिडकी. हजेरीचे गुण जोडीला मिळून. एक जरी उशिरा आला तरी दोघांचे पाच वजा."

यांचं उदगीरला कापडाचं दुकान आहे. दहावीला गणितात दोनदा नापास झालेले. चाचणी हा शब्द ऐकल्याबरोबर यांच्या कपाळाला घाम आला. बसमध्ये एसी होता.

माझं उलटं झालं. शाळेत माझा दुसरा नंबर असायचा. नववीत असताना लग्न झालं. त्यानंतर लोकांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले, पण गुण कुणी दिले नाहीत. मी पेनचं टोपण उघडलं आणि पहिल्या पानावर वर श्री काढला.

गणपतीपुळ्याला सर समुद्राकडे पाठ करून उभे राहिले आणि भरती-ओहोटी सांगायला लागले. आम्ही चौतीस माणसं वाळूत मांडी घालून लिहून घेत होतो. एक शहाळीवाला बराच वेळ बघत होता. शेवटी त्यानं यांना विचारलं, "कसली परीक्षा आहे हो?"

"भरतीची," हे म्हणाले.

त्यानं आम्हा सगळ्यांच्या पांढऱ्या केसांवरून नजर फिरवली. "या वयात?"

त्या संध्याकाळी निकाल लागला. देगलूरची एक मुसलमान बाई एकटीच सहलीला आली होती, सगळे तिला खाला म्हणायचे, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स. तिला अठ्ठेचाळीस, पहिला नंबर. मला शेहेचाळीस, दुसरा. यांना सहा. त्यातले पाच हजेरीचे होते. दुसऱ्या दिवशी मी आणि खाला पुढच्या खिडक्यांशी आणि हे पार मागच्या सीटवर, आचाऱ्याच्या शेजारी. मालवणपर्यंत यांच्या मांडीवर कांद्याचं पोतं होतं.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. मला फक्त खालाचे दोन गुण दिसत होते. गोव्यात मोठ्या चर्चसमोर उभी राहून मी सिंधुदुर्ग किल्ल्याची उजळणी करत होते. आत काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. खाला माझ्यापासून चार हात लांब उभी राहून तेच करत होती. मी बघतेय हे दिसल्यावर तिनं वही पदराखाली घेतली.

गोकर्णाचं दर्शन ही आमच्या घरची जुनी इच्छा. महाबळेश्वराला हात जोडले, डोळे भरून आले, आणि बाहेर आल्यावर सरांनी सांगितलं, वीस मिनिटांत बस.

हे म्हणाले, "मी जरा पाय बुडवून येतो. तू हो पुढं." मोबाईल, चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्या, सगळं माझ्या पिशवीत टाकलं आणि गेले.

वीस मिनिटं झाली. सरांनी रजिस्टर उघडलं. चौदा, पंधरा, सोळा. मी मागं वळून बघितलं. हे दिसत नव्हते, पण मागच्या दारातून पांढरी टोपी आणि पांढरा शर्ट, यांचा रोजचाच वेश, आत चढत होता. आले बाई, असं मी मनात म्हटलं.

"सतरा!"

उत्तर येईना. धापा टाकत असतील, तोंडातून शब्द फुटत नसेल. सरांचं पेन खाली यायला लागलं. पाच गुण जाणार. मी पदर तोंडाशी धरला, मान खाली घातली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हजर."

"अठरा!"

"हजर," हे मी माझ्या आवाजात म्हणाले.

बस निघाली. अर्ध्या तासानं सरांनी तोंडी परीक्षा सुरू केली. "सतरा नंबर, गोकर्ण हे नाव कशावरून पडलं?"

सरांनी माईकवर टिचकी मारली.

"सतरा नंबर, येत नसेल तर उभे राहा."

मागून आचारी उठला. पांढरी टोपी, पांढरा शर्ट. "सर, ते हितं न्हाईत. मी एकलाच हाय."

सरांनी शांतपणे रजिस्टर बघितलं. "सतरा नंबर हजर आहे. म्हणजे बसमध्ये आहे."

"अरे सर, सीट पे आदमी नै है," खाला म्हणाली.

"नोंद आहे ना. नीट बघा, खाली वाकले असतील."

दोन-तीन माणसांनी खरंच वाकून सीटखाली बघितलं. मी उभी राहिले. "सर, हजर मी म्हटलं होतं."

सरांचा चेहरा पडला. इतकी वर्षं पोरांच्या प्रॉक्सी पकडल्या, आणि आता साठीच्या बाईनं लावली. "दुसरा नंबर असून?" ते म्हणाले आणि पेन काढलं. "दहा वजा."

"पैले गाडी फिरावो!" खाला ओरडली. "नंबर बाद में काटो!"

ड्रायव्हरनं गाडी वळवली. खाला माझ्याजवळ येऊन बसली, माझी नाडी धरली. मी रडत होते. चष्म्याचं घर माझ्याकडं, गोळ्या माझ्याकडं, माणूस समुद्राकाठी एकटा. हे सगळं मनात होतं. पण खरं सांगायचं तर, रडता रडता मी शेहेचाळीसमधून दहासुद्धा वजा करत होते.

गोकर्णात आम्ही चौतीसातले तेहेतीस जण रांगेनं शोधायला निघालो. पुढं सर, काखेत रजिस्टर. समुद्रावर हे नव्हते. माझा धीरच सुटला. मग देवळाच्या गल्लीतून ओळखीचा आवाज आला.

ढगळ पँटी विकायच्या एका टपरीवर हे मांडी घालून बसले होते. समोर चार गोरी माणसं उभी होती. हे पँट दोन्ही हातांनी ताणून दाखवत होते. आमच्याकडं बिदरकडचं गिऱ्हाईक आलं की बोलतात तसं "बर्री, तगोरी" करून त्यांना कानडीत या, घ्या म्हणत होते. मधेच मराठीत एका बाईला म्हणाले, "ही नका घेऊ, शिवण कच्ची हाय." तिनं मान हलवली आणि दुसरी उचलली.

"अवं, काय करून राहिले तुम्ही!" मी किंचाळलेच.

"आलीस? थांब जरा, गिऱ्हाईक हाय. मालक जेवाया गेलाय."

"बस गेली होती तुम्हाला सोडून!"

यांनी पँटीची घडी घातली. "गेली होती? मला वाटलं सगळे चाचणी लिहीत असतील. म्हणून तर लपून बसलो."

सर पुढं झाले. रजिस्टरमध्ये हजर, प्रत्यक्षात गैरहजर, आणि आता समोर हजर. त्यांना काय लिहावं कळेना. तेवढ्यात मालक जेवून आला. त्याच्या टपरीसमोर तेहेतीस गिऱ्हाईकं बघून त्यानं यांचे हातच धरले आणि एक हत्तींची नक्षी असलेली पँट बळंच दिली. यांनी ती तिथंच धोतरावरून चढवली.

मुरुडेश्वरच्या वाटेवर मी आपणहून मागच्या सीटवर जाऊन बसले. यांनी कांद्याचं पोतं आचाऱ्याच्या मांडीवर सरकवलं. मग म्हणाले, "माझ्या आवाजात वरडलीस म्हणे?"

"हाव."

"वरड बरं."

मी पदर तोंडाशी धरून केलं. आचारी इतका हसला की कांदे सांडले. यांनी परत करायला लावलं. पुढून सरांनी माईकवरून शांतता राखायला सांगितली.

उडुपीला शंभर गुणांचा शेवटचा पेपर झाला. खाला पहिली. मी पाचवी. त्या दिवशी जेवण गेलं नाही, हे कुणाला सांगितलं नाही. खालानं नंतर मला तिची वही वाचायला दिली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट होतं, त्यानं बरं वाटलं.

यांना शंभरपैकी अकरा मिळाले. 'गोकर्णाचे महत्त्व लिहा' या प्रश्नाला यांनी लिहिलं होतं, 'देव जागृत, कापड बरे.' सरांनी त्याला अर्धा गुण दिलाय. ती उत्तरपत्रिका यांनी दुकानात गादीच्या वर लावली आहे.