बसून करायचं काम

आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे लावणी, सावडीने होते. आज सगळ्यांनी तुमच्या शेतात उतरायचं, उद्या आमच्या. मजुरी नाही, नुसते हात द्यायचे आणि हात घ्यायचे. खर्डीपासून आत आमचं गाव आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी सावडीत आहे. रोपं लावत मागे सरकताना माझी रांग कधी वाकडी गेली नाही. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी माझा उजवा गुडघा कुरकुरू लागला. गावात गुडघ्यावर औषध माहीत नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. एकीने एरंडाचं पान तापवून बांधायला लावलं. दुसरीने बिब्बा सांगितला, तोही लावला. दुखणं होतं तिथेच राहिलं आणि वर टरटरून फोड आला, म्हणजे आता दोन दुखणी झाली. शेवटी सगळ्यांनी मिळून निकाल दिला की वाटी झिजली, तिला आता जपायचं.

सावडीतल्या बायका मायाळू. "तुमी आता आवणीत वाकू नका, राबात रोपं काढा. बसून करायचं काम हाय, आराम पडंल," असं त्यांनी ठरवून टाकलं. राब म्हणजे रोपं वाढवलेला तुकडा. तिथली रोपं उपटायची, मुळांची माती पाण्यात झटकायची आणि मुठी बांधायच्या. हे सगळं चिखलात उकिडवं बसून. मी सकाळी बसायची ती जेवायच्या वेळेला उठायची, आणि तेही आपली आपण नाही. माझी धाकटी जाऊ शेजारीच असायची. ती हात पुढे करायची, मी धरायची, आणि विहिरीतून बादली ओढावी तशी ती मला वर काढायची.

मला भीती वाटत होती. माझी सासू आधी आवणीतून राबात आली, मग राबातून ओटीवर. एकदा ओटीवर बसली ती शेवटपर्यंत तिथेच. येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठं चाललीस गो?" एवढंच विचारत राहिली. मी तिच्याच वाटेने निघाले होते आणि राबापर्यंत पोचलेही होते. रात्री पाय चेपताना मला ती ओटी दिसायची.

डॉक्टरकडे जायला मात्र मी तयार नव्हते. ते वाट्या बदलायला सांगणार, आणि बदलून घेतल्या की माणूस संपला, असं मी डोक्यात घट्ट धरून बसले होते. भात झोडून झाल्यावर जावेनेच मला रिक्षात घातलं आणि शहापूरला नेलं. वाटेत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची. तिने गुडघा वाकवून, दाबून पाहिला, फोटो काढायला लावला, मग विचारलं, "मावशी, काम काय करता?"

"आता कसलं काम? बसूनच करते."

"बसून म्हणजे कसं? दाखवा बघू."

मी तिथेच फरशीवर उकिडवी बसले. बसले खरी, पण उठता येईना. सवयीने जावेने हात पुढे केला.

"हेच ते," डॉक्टरीण म्हणाली. "असं बसलं की सगळा भार गुडघ्यावर येतो. त्यापेक्षा लावणी बरी, तिथे निदान पाय सरळ राहतात."

मी धीर करून विचारलं, "ऑपरेशन?"

"कशाला? झीज आहे, पण थोडी. मांडीतलं बळ गेलंय, ते परत आणा. मांडीने भार घेतला की गुडघा गप्प बसेल."

मला तिथेच रडू फुटलं. एवढ्यावर रडतेय म्हणून स्वतःचा रागही आला. जाऊ पदराने माझं तोंड पुसत म्हणाली, "आता काय झालं? चांगलंच सांगते ना ती!" परतीच्या रिक्षात आम्ही दोघी गरम वडापाव खात, बडबडत आलो.

मग व्यायाम सुरू झाला. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा आणि तसाच धरून ठेवायचा. उताणं पडून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची आणि तिच्यावर गुडघा दाबायचा. मेडिकलमधून मनाने आणलेल्या गोळ्या बंद. उकिडवं बसणं बंद, म्हणून संडासातही खुर्ची आली. सुरुवातीला काडीचा फरक पडला नाही आणि त्या पोरीला मी मनातल्या मनात पुष्कळ बोलून घेतलं. मग एके दिवशी पाण्याचा हंडा घेऊन मी पायरी चढले आणि आत गेल्यावर लक्षात आलं, आपण भिंत धरलीच नाही.

यंदा राबात मी बादली उपडी घालून तिच्यावर बसले. बादली माझ्यासकट चिखलात रुतली आणि सगळ्या बायका पोट धरून हसल्या. मग खाली फळी टाकली. "महाराणी बसल्या गो!" असं कोणीतरी ओरडलं. ओरडू दे. दोन्ही पाय पुढे मोकळे होते आणि मुठी भराभर बांधून होत होत्या. दुसऱ्या दिवशी आवणीच्या रांगेतही उभी राहणार, हे मी सगळ्यांना बजावून ठेवलं.

जेवायची हाक आली. मी मांड्यांवर जोर दिला आणि उठले. कोणाचा हात नाही, काही नाही. हे पाहायला जाऊ हवी म्हणून मी वळले. ती अजून उकिडवीच होती. तिने नेहमीसारखा हात पुढे केलेला होता.

"उठले गो मी," मी म्हटलं. "तुझा हात नको आता."

"दिसतंय मला," ती खाली बघत म्हणाली. "ताई, मला उठव. मला पण नाय उठता येत."

मी तिला वर ओढलं आणि माझ्या बादलीवर बसवलं.