बिबळ्याचा तुकडा

नोकरीतील बहुतेक प्रकरणे कागद बंद झाले की मनातूनही गेली. हे एक राहिले. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, मोठा मुद्देमालही नव्हता. तरीही एका सकाळपासून दुपारपर्यंत सगळे ठाणे इतके गोंधळलेले मी आधी कधी पाहिले नव्हते, नंतरही नाही. त्या गोंधळात मी स्वतः होतो.

तेव्हा मी शहापूर तालुक्यातील एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली होती, रात्रपाळीचे अंमलदार घरी निघाले होते, तेवढ्यात आमच्या एका खबऱ्याचा फोन आला. हा माणूस मुरबाडहून शहापूरमार्गे आटगावपर्यंत शेअर जीप चालवत असे. त्याच्या खबरा सहसा खोट्या निघत नसत. दोष एवढाच की काय ऐकले आणि काय ताडले हे तो वेगळे सांगत नसे.

खबर अशी होती, की मुरबाडकडच्या एका गावात बिबळ्या मारला असून माल आटगावला उतरला आहे. जीपमध्ये पुढच्या सीटवर एक तरुण बसला होता. पायाशी गोणी होती आणि गोणीवर लाल डाग होते. तो फोनवर काय बोलला ते चालकाने शब्द न शब्द ऐकवले: "काका, बिबळ्याचा तुकडा आनलाय. सालटं काढलंय. पन वला हाय अजून, रगत गळतंय." आटगाव स्टेशनच्या पलीकडे एका बंगल्याच्या फाटकाशी तो उतरला होता.

बिबळ्या म्हणजे बिबट्या. मी घाटावरचा, आमच्याकडे हाच शब्द. त्याची शिकार हा वन्यजीव कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे, जामीन सहजी होत नाही. ठाणे दैनंदिनीत नोंद घेतली, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना फोनवर कळवले, दोन पंच सोबत घेतले आणि निघालो.

बंगला लहान होता. मालक डोंबिवलीच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. मागच्या परसात त्यांनी पत्र्याची शेड टाकली होती. आत लाकडी फळ्या, पटाशा, करवती आणि लाकूड कातायचा एक लेथ. गृहस्थ आणि जीपमधला तरुण, दोघे तिथेच चहा पीत बसले होते. पळण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. मात्र गणवेश पाहून दोघांचेही चेहरे उतरले, आणि अपराधी माणसाचा चेहरा ओळखण्यात आम्ही चुकत नाही अशी आमची समजूत होती.

गोणी सापडली, रिकामी. आतून तांबूस काळी झालेली. लेथखाली फरशीवर त्याच रंगाचे थेंब होते. कातडे मात्र कुठे मिळेना. फळ्या हलवल्या, भुश्शाची पोती ओतली, पाण्याची टाकी उपसली. पंचांपैकी एकाला वाटले, नखे काढून बाकीचे पुरले असेल, म्हणून आळ्यातली कर्दळही उपटून पाहिली. लेथवर लाकडाचा एक ओला गोळा लावलेला होता. त्याच्या मागे शोधले, खाली शोधले. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही.

डाग पाहायला पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना बोलावले. त्यांनी वाकून पाहिले, वास घेतला. रक्त आहे असे लिहून देता येणार नाही, नाही असेही लिहून देता येणार नाही, नमुना प्रयोगशाळेत पाठवा, असे सांगून ते निघून गेले. नमुना सीलबंद केला आणि दोघांना ठाण्यात आणले.

तरुणाची पूर्वपीठिका कळावी म्हणून मुरबाडला फोन केला. तिथल्या हवालदाराने नाव ऐकताच ओळखले. त्या मुलाची वनरक्षक म्हणून निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद त्याच्याच टेबलावर होता. निष्कलंक म्हणून तो त्याच दिवशी वर जाणार होता. "साहेब, पाठवू का थांबवू?" त्याने विचारले. मी थांबवायला सांगितले. गुन्हा दाखल झाला असता तर ज्या खात्यात मुलगा नोकरीला लागणार, त्याच खात्याचा आरोपी म्हणून तो उभा राहिला असता. भातशेतीवरच्या त्या घरात सरकारी नोकरी पहिल्यांदाच येत होती.

आधी गृहस्थांचा जबाब घेतला. बिबळ्याचा तुकडा मागवला होता का, या प्रश्नावर त्यांनी लगेच होकार दिला. वर म्हणाले, थोडाच आहे, घरगुती वापरासाठी.

"परवाना?" मी विचारले.

"नाही. मला वाटलं, मालकीचा असेल तर चालतो."

"मालकीचा?" जबाब लिहिणाऱ्या हवालदाराने वर पाहिले. "काका, बिबळ्याचा कोणी मालक असतो का?"

"ज्याच्या जमिनीत असेल तो ना?"

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. मी लिही म्हणून खूण केली. तुकड्याचे काय करणार होता, असे विचारल्यावर त्यांनी वाडगी आणि एक पेला असे उत्तर दिले. पत्नीला मधुमेह आहे, त्यात रात्रभर ठेवलेले पाणी सकाळी प्यायचे, लोक तसे सांगतात. वाघनखे, चरबी, हाडे यांचा औषध म्हणून व्यवहार होतो हे आम्हाला माहीत होते. पेल्याचे ऐकले नव्हते. कवटीचा असावा, असे हवालदार माझ्या कानात म्हणाला.

मग गृहस्थ लाकडाची गोष्ट सांगू लागले. निवृत्तीनंतर त्यांना लाकूडकामाचा नाद लागला होता, पण चांगले लाकूड देणारा माणूस मिळत नव्हता. शहापूरच्या एका वखारीतून सागाची फळी आणली, ती ओली होती, दोन महिन्यांत मधोमध फाटली. कल्याणच्या एकाने शिसव म्हणून दिले ते बाभळीला रंग लावलेले निघाले. मोठ्या वखारी घनफुटाच्या खाली बोलत नाहीत, हातभर तुकडा मागितला की तोंडावर हसतात. चांगले लाकूड टोकाला पाहावे, रेषा दाट असाव्यात, ठोकल्यावर खणखणीत वाजावे, आकारापेक्षा वजनाला भारी लागावे, हे ते आम्हाला समजावून देत होते. संशयित प्रश्न टाळण्यासाठी दुसरीकडे वळतो, हा नेहमीचा अनुभव. मी त्यांना थांबवले आणि मागच्या खोलीत बसवले.

एवढ्यात तरुणाची आई आली. कोणीतरी गावात फोन केला होता. तिने पायरीवरच ठाण मांडले. मुलाला कशासाठी धरले, हे अंमलदाराने सांगितल्यावर तिने पदर खोचला.

"माझ्या पोरानं वाघ मारला?" ती म्हणाली. "मंग परवा आमचं कुत्रं कोनी नेलं, तुमी?"

अंमलदाराने तिला शांत बसायला सांगितले. ती बसली, पण शांत नाही. वाघ आमचा देव हाय, त्याला आमी कोंबडं देतो, त्याच्यावर हात टाकला तर घर राहील का, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिली. आरोपीची आई असेच बोलणार, असे सर्वांनी धरले.

तरुणाला आत घेतले. वय तिशीच्या आत, सांगितल्याशिवाय खुर्चीवर बसला नाही. मी थेट विचारले.

"बिबळ्याचा तुकडा तूच आणलास?"

"हो साहेब. मीच."

एवढ्या सहज कबुली मिळेल असे वाटले नव्हते. हवालदाराने ती ठळक अक्षरात लिहिली.

"कुठे मारला?"

"मारला नाय साहेब. पडला. आमच्या बांधावर."

"आपोआप पडला?"

"वाऱ्यानं. मागच्या वादळात."

हवालदाराने लिहिले: वादळात पडला. मी पुढे गेलो. किती मोठा होता? दोघांनी कवेत घेतला तरी हात पोचत नव्हते, असे उत्तर आले. मला वाटले तो भीतीने वाढवून सांगतो आहे. म्हणून वय विचारले. वनखाते पहिल्यांदा तेच विचारणार होते.

"बरोबर नाय सांगता येनार, साहेब," तो म्हणाला. "आज्यानं लावलेला."

हवालदाराचे पेन थांबले. ते वाक्य मी मनात पुन्हा म्हणून पाहिले, आणि तरीही अर्थ नीट लागेना.

"तुमच्या गावात बिबट्याला काय म्हणतात?" शेवटी मी विचारले.

"वाघ."

"आणि बिबळ्या?"

"झाड ना साहेब. बिबळा. ऐन, साग, बिबळा." मग त्याच्या लक्षात आले. "तुमी मला वाघासाठी आनलंय?"

बिबळा हे झाड, बिबळ्या हे जनावर. नुसता शब्द उच्चारला तर दोन्हींत शेवटच्या अक्षराचा फरक आहे. पण मराठीत त्याला चा, ची, चे लागले की तो फरक उरत नाही. बिबळ्याचा तुकडा लाकडाचाही होतो आणि जनावराचाही. जीपमध्ये, बंगल्यात, जबाबात, सगळीकडे नेमके हेच रूप वापरले गेले होते. गृहस्थ आणि तरुण, दोघेही लाकूड विनापरवाना आणल्याबद्दल धरले गेलो असे समजून घाबरले होते, आणि त्याचीच कबुली देत होते.

वनपरिक्षेत्र अधिकारी दुपारी पोहोचले. आम्ही सगळे पुन्हा शेडमध्ये गेलो. लेथवरच्या गोळ्याला त्यांनी चाकूने खाच पाडली, बाजूला सालीचा थोडा भाग उरला होता तिथून लाल चीक पाझरला आणि हळूहळू काळपट झाला. बिबळ्याचा डिंक असाच असतो, गावातले लोक त्याला रगतच म्हणतात. डॉक्टरांना कोड्यात टाकणारा डाग याचाच होता.

लाकडाचा प्रश्न उरलाच होता. झाड मालकीच्या जमिनीतले असले तरी परवानगीवाचून वाहून नेता येत नाही. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गावी जाऊन बांध पाहिला. झाड मुळासकट उपटलेले होते, कुऱ्हाडीचा घाव नव्हता. तुकडा ताब्यात घेतला गेला आणि उरलेल्या झाडासाठी रीतसर अर्ज करायला सांगण्यात आले. गुन्हा नोंदवण्याजोगे काही नाही, असा त्यांचा अहवाल आला. परवानगी मिळाल्यावर त्या घराने फळ्या कापून सावलीत वाळायला ठेवल्या. गृहस्थांना लाकूड त्यांच्याकडूनच मिळू लागले, हातभर मागितले तर हातभर.

पडताळणीचा कागद मात्र अडकून होता. आमच्या दैनंदिनीत मुलाचे नाव शिकारीच्या खबरेखाली आले होते आणि दैनंदिनीतली नोंद खोडता येत नाही. मुरबाडला लेखी खुलासा हवा होता. तो मी मुलासमोरच लिहिला आणि वाचून दाखवला: बिबळ्याच्या तुकड्याबाबत चौकशी केली असता तथ्य आढळले नाही.

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "साहेब, एक बोलू? बिबळ्या नका लिवू. वर बसलेला साहेब तुमच्यासारखाच वाचंल."

हवालदाराने हसू आवरले. मी कागद फाडला आणि दुसरा घेतला. वाऱ्याने उन्मळून पडलेल्या, स्वतःच्या बांधावरील झाडाच्या लाकडाबाबत, असे लिहिले. त्याने तो कागद शांतपणे दोनदा वाचला आणि मान हलवली. पडताळणी त्याच आठवड्यात वर गेली. पुढे नेमणुकीचा आदेशही आला.

कबुली मिळाली की तपास संपला, असे मी तोवर धरत आलो होतो. त्या मुलाची कबुली खरी होती, आमचा जबाब शब्दशः बरोबर होता, आणि त्यावर तो तुरुंगात गेला असता. उरलेल्या नोकरीत समोरचा माणूस "हो, मीच केलं" म्हणाला की मी हवालदाराला पेन थांबवायला सांगत असे आणि आधी एवढेच विचारत असे: काय केलंस?