घरमालकांचा गार गिअरबॉक्स

जगात जेवढे म्हणून अनर्थ घडतात, ते सारे तापण्यामुळेच घडतात, अशी ज्यांची अढळ श्रद्धा होती असे एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिले, आणि ते नवापूरचे आमचे घरमालक होते. गळू, भांडण, नासलेले दूध, रुसून माहेरी गेलेली सून, या सर्वांचे मूळ त्यांच्या मते एकच होते. चहा ते बशीत ओतीत, बशी ओटीवरच्या वाऱ्यात धरीत आणि तिच्यावरची वाफ पुरती विरल्याशिवाय ओठांना लावीत नसत. उन्हाळ्यात त्यांच्या वहाणा रांजणाच्या सावलीत, ओल्या फडक्यावर निजत. शेजारी भांडण जुंपले की ते मध्यस्थी करीत नसत. तांब्याभर पाणी घेऊन जात आणि भांडणाऱ्या दोघांच्याही पायांवर ते शांतपणे ओतीत. भांडण खरोखरच थांबे, कारण पुढच्या क्षणी ते दोघे एकदिलाने यांच्यावर उलटत.

तारापूरच्या किनाऱ्यावर तेव्हा एक अवाढव्य बांधकाम चालले होते. माझ्या यजमानांना तिथे आराखडे काढण्याची नोकरी लागली, म्हणून एकोणीसशे साठच्या दशकातल्या मधल्या वर्षांत आम्ही नवापुरात दोन खोल्या घेऊन राहिलो. पहाटे सुरूच्या झाडांतून समुद्राचा श्वास येई. ऊन चढले की वाळत घातलेल्या जवळ्याचा खारट, तांबूस वास अंगणभर पसरे, आणि तिन्हीसांजेला ओल्या दोरखंडांचा. त्या आळीत ज्याच्या त्याच्या अंगणात जाळी पसरलेली असत. आमच्या घरमालकांच्या अंगणात, ताडाखाली, मात्र एक परदेशी ट्रक उभा असे.

हा ट्रक बांधकामावरच्या एका परदेशी ठेकेदाराने लिलावात काढला होता. त्याला क्लच नव्हता. गिअर आपले आपण बदलत, आणि चालवणाऱ्याच्या डाव्या पायाला काहीएक काम उरत नसे. घरमालक त्या बेकार पायाची मांडी घालून, जणू पाटावर जेवायला बसल्यासारखे, ट्रक हाकीत. गावात या गाडीला ‘लंगड्याची गाडी’ असे नाव पडले होते. पण हसणाऱ्यांनाही ठाऊक होते की, ती घेण्यासाठी या माणसाने आपली होडी विकली होती. बाप-आज्यापासून दर्यावर जगलेल्या घरात तो केवढा निर्णय होता! नवापूरचे म्हावरे, म्हणजे ताजी मासळी, बैलगाडीतून बोईसर स्टेशनात पोहोचेपर्यंत अर्धे मऊ पडते, पार्सलची गाडी निघून जाते, आणि मग बाजारात दलाल नाक मुरडतो. ट्रक असेल तर गावाचे म्हावरे ताठ मानेने मुंबईला जाईल, एवढाच त्यांचा हिशेब. आता हा ट्रक टिकला तर सारे टिकणार होते. तो गेला तर त्यांच्यापाशी ना दर्या उरणार होता, ना रस्ता.

लिलावाच्या दिवशी एका गोऱ्या मेकॅनिकने त्यांना गाडीची दीक्षा दिली होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. गोऱ्याने गिअरबॉक्सला तळहात लावला, चटका बसल्यासारखा मागे ओढला, चेहरा अत्यंत दुःखी केला आणि म्हटले, “नो हॉट!” घरमालकांच्या आयुष्यभराच्या तत्त्वज्ञानाला साता समुद्रांपलीकडून मान्यता मिळाली होती. त्यांचे सारे इंग्रजी त्या दोन शब्दांत सुरू होऊन तिथेच संपत असे, पण तेवढे त्यांना सर्वत्र पुरे. भाकरी चुलीवर करपू लागली तरी ते ओटीवरून ओरडत, “नो हॉट!” आणि आतून घरमालकीण, जिला सारी आळी आय म्हणे, उत्तर देई, “मग कच्चं पीठ गिळा!”

त्या दिवसापासून गिअरबॉक्स हे त्या घरातले आजारी लेकरू झाले. दर फेरीनंतर ते वाकून त्याच्या पोटाला हात लावीत. इंजिन चालू ठेवून तेलाची सळई बाहेर काढीत आणि तिच्या टोकावरचा थेंब उन्हात धरीत. ते तेल चांगले असताना कोकमाच्या सरबतासारखे लाल आणि नितळ दिसे. कोळ्याने माशाचा कल्ला उचलून आतला लालपणा पाहावा, तशा निरखून ते त्या थेंबाकडे पाहत, मग सळई नाकाशी नेत, डोळे मिटून वास घेत आणि निकाल देत, “ताजं हाय.” बंदरावरच्या पुळणीत भरला ट्रक दामटायचा नाही, हेही त्यांना पक्के उमगले होते. चाक वाळूत फिरते, गाडी जागची हलत नाही, आणि सारा जोर तेलात उतरून ते तापते, म्हणून ते पुळणीवर ताडाच्या झावळ्या अंथरीत आणि सर्वांत खालच्या गिअरात, वऱ्हाडातल्या नवरीच्या चालीने, गाडी रस्त्याला आणीत.

एवढी निगा राखूनही गिअरबॉक्स तापतच असे. आरंभी बेताने, मग रोज, मग भयंकर. बोईसरच्या अर्ध्या वाटेवर गाडी सुस्त होई, गिअर बदलताना तिला धाप लागे, आणि सळईवरचे तेल कोकमाचे न राहता उकळलेल्या चहाचे होई. त्याचा करपट वास एकदा माझ्या पदराला लागला, तो पुढे कितीतरी दिवस गेला नाही.

उपाय म्हणून घरमालकांनी तेच केले, जे त्यांच्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. गरम झाले की बर्फ! म्हावऱ्यासाठी आणलेला बर्फ फोडून ते गोणपाटात भरीत आणि बाळंतिणीचे पोट बांधावे तशी ती गोणपाटे गिअरबॉक्सला घट्ट बांधीत. ट्रक रस्त्याने थेंब थेंब गळत जाई आणि मागे पाटीवाल्या बायका कडाडत. “अरं, आमचं पापलेट उन्हात नि तुजी पेटी बर्फात! उद्या बाजारात तीच इक मग!” त्यावर घरमालक खिडकीतून मान काढून गंभीरपणे सांगत, “पापलेट रोज मिळंल, पेटी नाय मिळायची.” यात तथ्य होते. तसला दुसरा गिअरबॉक्स बोईसरला, पालघरला, फार काय मुंबईलाही मिळत नव्हता. तेलाचा शेवटचा डबाही त्यांनी नुकताच ओतून संपवला होता.

आता या कथेतला सर्वांत सुंदर भाग सांगते. ट्रकच्या तोंडावर, दिव्यांच्या मधोमध, एक मोठी जाळी होती. ती नुसती मोकळी का राहावी, असा विचार करून घरमालकांनी तिच्यावर दोर बांधले होते आणि त्यांवर बोंबील वाळत घातले होते. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवलेले, रुपेरी, पारदर्शक बोंबील, वरपासून खालपर्यंत दाट. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाऱ्याची वाट पाहत लोंबतात. इथे वलांडीच वाऱ्याला भेटायला निघे. “फिरती वलांडी,” ते अभिमानाने म्हणत. “अशी अकल कुणाला सुचली हाय का, बाय?” सकाळच्या उन्हात तो पडदा मोत्यांच्या माळांसारखा झुले, आणि मला, खरे सांगते, तो फारच देखणा वाटे. आम्हां कुणालाच कळत नव्हते की त्या जाळीच्या आत, इंजिनाचे पाणी निववणाऱ्या जाळीला लागून, गिअरबॉक्सच्या तेलाचीही एक लहानशी जाळी आहे. पोटातले तापलेले तेल नळीतून तिथवर येते आणि समोरचा वारा खाऊन निवून परत जाते. तो वारा सारा बोंबील खात होते.

पावसाळ्यानंतरच्या एका सकाळी साऱ्या होड्या एकदम लागल्या, त्याही काठोकाठ. असे म्हावरे कित्येक वर्षांत आले नव्हते. घोळ, दाढा, सुरमई. पापलेटांच्या राशी तर चंद्राचे तुकडे कुणी उपडे करावेत तशा. बैलगाड्यांच्या आवाक्यातले ते काम नव्हतेच. कालपर्यंत हसणाऱ्या बायका पाट्या घेऊन ताडाखाली उभ्या राहिल्या. आदल्या संध्याकाळीच आयने घरात निर्वाणीचे सांगितले होते, “उद्या जर का तापली, तर भंगारवाल्याला मीच बोलावते. होडी गेली, आता घर जायाला नको.”

त्या दिवशी बोईसरचा आठवडे बाजार होता. आय तरातरा आली आणि ट्रकच्या तोंडावरचे बोंबील उपसून आपल्या पाटीत भरू लागली.

“अगं, अर्धे ओले हायेत!” घरमालक कळवळले.

“तुमच्या टकुऱ्यापरीस सुकलेत,” ती म्हणाली आणि दोरासकट शेवटची माळ ओढून पाटी डोक्यावर घेतली.

मीही बाजाराला निघाले होते. पुढे आय, मी आणि घरमालक. मागे म्हावरे, आणि म्हावऱ्यावर बायका. बर्फ सारा म्हावऱ्यालाच लागला होता, पेटीला एक खडाही उरला नव्हता. झावळ्यांवरून पुळण पार झाली. कोलमडेल एवढे ओझे. तरी गाडी चालत राहिली. घरमालक एका हाताने चाक आणि दुसऱ्याने देवाला धरून होते. अर्ध्या वाटेवर वडाखाली, जिथे रोज बर्फ बदलावा लागे, तिथे ते थांबले आणि वाकून खाली गेले. पुष्कळ वेळ बाहेर आले नाहीत.

“काय झालं?” आयचा आवाज प्रथमच बारीक झाला.

खालून उत्तर आले, “गार हाय.” मग अतिशय घाबऱ्या सुरात, “मेली काय गो?”

आजाऱ्याचे अंग अचानक गार पडावे, तसे त्यांना वाटले होते. इंजिन तर धडधडत होते. त्यांनी सळई ओढली. थेंब लाल होता, नितळ, कोकमाचा. वास घेतला, पुन्हा घेतला, माझ्यापुढे धरला, मीही घेतला. त्यात करपटपणाचा मागमूस नव्हता. मग ते गाडीच्या तोंडासमोर रस्त्यातच उकिडवे बसले. उघडी जाळी त्यांच्याकडे पाहत होती आणि ते जाळीकडे. आत खपल्या, खारवट मीठ, बोंबलाची एक शेपटी अडकलेली. त्यांनी बोट घालून ती शेपटी काढली, आणि एकदम उठून मागच्या पाटीतली एक मोठी सुरमई उचलून तिचा कल्ला उघडला.

“कल्ले!” ते इतक्या जोरात ओरडले की वडावरचे कावळे उडाले. “हे हिचे कल्ले हायेत! मी हिचा श्वासच कोंडला व्हता! नो हॉट, नो हॉट!”

“आन्‌ आगगाडी सुटली, तर नो म्हावरा!” मागून एक बाई ओरडली. तेव्हा कुठे ते चाकावर आले.

बोईसरच्या फलाटावर पार्सलची गाडी अजून यायचीच होती. नवापूरचे म्हावरे ताठ, चकचकीत, कल्ले लाल असे रांगेने मांडले गेले, आणि नाक मुरडायला सोकावलेल्या दलालाला त्या दिवशी नाकाचे काय करावे ते कळेना. परतताना बायका मागे बसून गाणी म्हणत होत्या. गावाच्या वेशीवर घरमालकांनी जाहीर केले, “मी शोधून काडलं!” आणि आयने त्याहून मोठ्याने विचारले, “नि बोंबील कोणी काडले?” गाव हसले ते हसलेच.

पुढे रोज ते ती जाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने धूत, कोंबड्याच्या पिसाने एकेक खवला काढीत. बांधकामाच्या रस्त्यावर अनोळखी ट्रक दिसला की आडवे जाऊन त्याला थांबवीत आणि आपल्या हिंदीत बजावीत, “भय्या, पहिले जाली साफ करो, मग देव का नाव लेव!” आम्ही नवापूर सोडले तेव्हाही ट्रक चालत होता, आणि त्याच्या तोंडावर बोंबलाची सावलीसुद्धा पडत नव्हती.

पण मला आठवते ती त्या विजयाच्या दिवसाची संध्याकाळ. गावभर मिरवून ते ओटीवर येऊन बसले होते. समोर दर्या सोनेरी, सपाट. दूर शिडे एकामागून एक परतत होती. त्यांतले एक त्यांच्या विकलेल्या होडीचे होते, हे मला नंतर कळले. त्याच्याकडे पाहत, कुणाशीच नव्हे असे, ते हळूच म्हणाले, “आता होडीची याद जरा कमी येल.”

तोवर त्यांनी होडीचे नावही कधी काढले नव्हते. प्रत्येक वाक्याला उत्तर तयार असणारी आय दारात उभी होती. हातातला चहा तिने बशीत ओतला, वाफ विरेपर्यंत स्वतःच फुंकला आणि त्यांच्या शेजारी बसून बशी त्यांच्या हाती दिली.