दार ऐकू येईल एवढा आवाज

कुमुदताई दातार स्पीकरच्या दुकानात शिरल्या की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "कमी करा." गिऱ्हाईक आलं म्हणून दुकानदाराने नुकताच आवाज वाढवलेला असायचा. खोलीतून विमानं जात असायची, पायाखालची फरशी थरथरत असायची. तो बिचारा थोडा आवाज कमी करी. "आणखी." तो आणखी कमी करी. "अहो, आणखी!" शेवटी तो बटणावर बोट ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत राही. मग ताई डोळे मिटत, मान जराशी दाराच्या बाजूला कलती करत आणि ऐकत. "मोठा आवाज काय, वरातीतला बँडवालाही काढतो," त्या म्हणत. "हळू बोलून जो समजतो, तो स्पीकर चांगला."

मी त्यांच्यासोबत बुधवार पेठेत स्पीकर घ्यायला गेलो तेव्हा माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आम्ही कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर राहायचो, ताईंचा दरवाजा आमच्या समोर. हिंजवडीला कंपनीच्या बसमध्ये रोज जाता-येता कंबर मोडायची, आणि रविवारी घरात थेटरासारखा आवाज काढून सिनेमा बघायचा हे माझं एकमेव स्वप्न होतं. नीताचं म्हणणं, आधी पडदे घेऊ. एकदा जिन्यात ताईंनी माझ्या हातातलं जाहिरातीचं पान घेतलं आणि चष्मा वर करून वाचलं. "हजार वॅट? स्थळाच्या पत्रिकेत 'गोरा वर्ण' लिहितात, त्यातलं आहे हे. कधी जायचंय? मी येते."

मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना अ‍ॅम्प्लिफायरमधलं काय कळणार, असं मला वाटलं. पण दुकानदाराने पाच स्पीकर आणि धडधडणारा एक मोठा डबा असा अख्खा संच पुढे केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "पाच जणांना अर्धपोटी बसवण्यापेक्षा दोघांना नीट जेवू घाल. अ‍ॅम्प्लिफायर मात्र असा घे, की पुढे पाचही जण पंगतीला बसले तरी त्याला धाप लागू नये." त्याप्रमाणे एक दणकट अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि दोनच स्पीकर. संवाद ज्यातून येतात तो मधला स्पीकर दिवाळीनंतर घ्यायचा ठरला. दुकानदार चिकाटीचा होता. "अहो काकू, एकदा फुल आवाजात तरी ऐका." "आपण ऐका," ताई म्हणाल्या, "आपल्याला रोजची सवय आहे."

संध्याकाळी त्या मांडणी बघायला आल्या. स्पीकर कोपऱ्यातून पुढे ओढायला लावले, सोफा भिंतीपासून सोडवला. मी उत्साहाने आवाज वाढवला तसा त्यांनी हात वर केला आणि नीताला म्हणाल्या, "माझ्या दारापाशी जा आणि बेल वाजव." नीता गेली. बेल आम्हाला ऐकू आली नाही. आवाज कमी केला. पुन्हा बेल. असं करत करत एका ठिकाणी सिनेमातलं बोलणंही समजलं आणि समोरच्या घरातली बेलही ऐकू आली. नीताने आपल्या कपाळावरची टिकली काढून बटणाच्या त्या खुणेवर लावली. ताई म्हणाल्या, "मी तुमच्याकडे बसले असेन तेव्हा याच्या पुढे नेऊ नका. अरुण आला तर मला कळायला हवं."

अरुण त्यांचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, ताईंनीच त्याला वाढवलं, त्यापायी लग्नही केलं नाही. तो घरच्या मागच्या खोलीत अ‍ॅम्प्लिफायर जुळवून विकायचा आणि दिवसभर स्पीकर तपासत बसायचा, ताईंच्या याच फ्लॅटमध्ये. ताई पुढच्या खोलीत पेपर तपासायच्या. दोघं भांडायची पाट्यांवरून. ताई स्वयंपाकघरात लिहायच्या, 'दुधाचे पातेले झाकून ठेवावे.' खाली अरुणच्या अक्षरात ओळ यायची, 'मांजरास तसे कळविले आहे.' त्यांच्या घरात राग पाटीवर निघायचा आणि खालच्या ओळीत मिटायचा.

एका सहामाहीच्या पेपरांच्या वेळी आवाज फार झाला म्हणून ताईंनी बाहेरच्या दारावर पाटी लावली: 'या घरात दोन आवाज मावत नाहीत. मोठ्या आवाजाने आपली सोय अन्यत्र पाहावी.' सगळी बिल्डिंग येता-जाता वाचून हसली. अरुण त्या दुपारी एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. गिऱ्हाइकाने पाटी मोठ्याने वाचली, हसला आणि म्हणाला, "म्हणजे घर ताईंचं वाटतं?" अरुणही हसला. गिऱ्हाईक गेल्यावर त्याने कपड्यांची पिशवी भरली, तारांना डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न घेतलं आणि तो जिना उतरून गेला.

"मी गॅलरीतून पाहत होते त्याला," ताई सांगायच्या. "हाक नाही मारली. म्हटलं, संध्याकाळी येईल आणि खाली एक ओळ लिहील. आमच्यात तसंच चालायचं रे. चार दिवस मी पाटी काढली नाही, त्याला लिहायला जागा हवी म्हणून." ओळ लिहिली गेली नाही. शोध घेऊन झाला, वर्तमानपत्रात फोटो देऊन झाला. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा या गोष्टीला वीस वर्षं तरी झाली असतील.

त्या अरुणबद्दल कधी भूतकाळात बोलत नसत. "अरुणला तिखट चालत नाही." "अरुण आला की तुझा मधला स्पीकर त्याला दाखवू." आमच्याकडे रविवारचा सिनेमा चालू असताना त्या मध्येच हात वर करायच्या, "शूऽ." आम्ही चित्र थांबवायचो. जिन्यात कुणाची तरी पावलं वाजत असायची. पहिला मजला, दुसरा मजला. आम्ही तिघंही श्वास धरून बसायचो. पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबायची, कुणाची तरी किल्ली फिरायची, आणि ताई म्हणायच्या, "हं, लाव पुढे." मला त्या क्षणांची भीती वाटायची. आणखी खरं सांगायचं तर ती पावलं आमच्या मजल्यापर्यंत येतील याची जास्त वाटायची. इतकी वर्षं वाट बघितलेल्या माणसाने खरंच दार वाजवलं, तर या बाई ते कसं सोसतील, हे मला कळत नव्हतं. ताई घरी गेल्यावरसुद्धा नीता आणि मी एकमेकांशी हळू आवाजात बोलायचो. टिकलीच्या पुढे बटण न्यायचा धीर आम्हाला त्या नसतानाही झाला नाही.

काही वर्षांनी एका रविवारी ताई म्हणाल्या, "तुझा मधला स्पीकर बिघडलाय. शब्द खातोय." मी ऐकलं, मला सगळं स्पष्ट येत होतं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. ताईंचा शब्द म्हणून मी स्पीकर काढून बुधवार पेठेत नेला. दुकानदाराने जोडला, ऐकला, परत माझ्या हातात दिला. "याला काही झालेलं नाही." घरी येऊन मी नीताला सांगितलं. "अरे, स्पीकरला नाही झालं," ती म्हणाली, "ताईंना झालंय."

कानाच्या डॉक्टरकडे नीताच त्यांना घेऊन गेली. यंत्र मिळालं. ताईंनी ते काही दिवस लावलं आणि काढून डबीत ठेवलं. "यात सगळेच आवाज एकाच मापाचे," त्या म्हणाल्या. "कुकर काय, कावळा काय, दार काय. मी अख्खा दिवस दार उघडत बसते." आम्ही बेलला दिवा जोडून देतो म्हटलं. त्यालाही त्या हो म्हणाल्या, मग दिवा स्वयंपाकघरातून दिसत नाही म्हणून चिडल्या. त्यांना एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. जन्मभर कान टवकारून बसलेल्या बाईंचे कानच आता त्यांना दगा देत होते.

आणि मग तो शनिवार आला. आम्ही बाहेरून आलो तर वॉचमन बबनराव फाटकातच म्हणाले, "साहेब, तुमच्या समोरच्या बाईंकडं एक जण आलं हुतं. पांढरी दाढी. मीच वर नेऊन सोडलं. बराच वेळ बेल वाजवत हुतं, आतून काय आवाज न्हाई. मग उतरलं आन् गेलं."

"नाव?"

"इचारलं की. 'राहू दे' म्हणलं."

नीता म्हणाली, "सांगू नकोस." मी म्हटलं, सांगायला हवं. आम्ही दोघंही गेलो. ताई घरातच होत्या, सकाळपासून कुठे गेल्या नव्हत्या. मी त्यांच्या समोर बसून, ओठ कळतील असं, सावकाश सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही.

"तो नव्हता," त्या म्हणाल्या. "अरुण असता तर शेजारी विचारलं असतं त्याने."

"ताई, आम्ही घरी नव्हतो."

"मग जिन्यात बसला असता. हट्टी आहे तो." आणि जरा थांबून, एकदम मोठ्या आवाजात, बहिऱ्या माणसाच्या आवाजात, "त्याला दाढी नाही!"

तिथे मला रडू फुटलं. ताईंनीच माझ्या पाठीवर हात ठेवला.

सोमवारी सकाळी बसला निघालो तर ताईंची खुर्ची दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी. अंगावर शाल, दार मागे सताड उघडं. "ताई, इथे वाऱ्यात कशाला?" त्यांनी माझे ओठ वाचले. "आत बसून ऐकू येत नाही. इथून दिसतं तरी." मग त्यांचा दिवस तिथेच जाऊ लागला. दूधवाला पिशवी त्यांच्या हातात देई, मुलं खेळायला जाताना "ताई, टाटा" करत. सोसायटीत कुणी कुरकुर केली नाही, आणि हे आमच्या सोसायटीत नवलच. तो पांढऱ्या दाढीचा माणूस मात्र पुन्हा आला नाही. कोण होता, कुणाला कळलं नाही.

ताई गेल्या त्या थंडीतच, त्याच खुर्चीत, दिवसाढवळ्या. संध्याकाळी मी बसमधून उतरून जिना चढलो तेव्हा त्यांची मान नेहमीसारखी खाली वळलेल्या पायऱ्यांकडे होती, डोळे उघडे होते. मी "आलो हो ताई" म्हणालो आणि किल्ली काढली. नीताने दार उघडलं, माझ्या खांद्यावरून बघितलं आणि माझा हात धरला. डॉक्टर म्हणाले, दुपारीच गेल्या. दुपारपासून जिन्यावरून किती जण चढले-उतरले असतील. मुलं टाटा करून गेली होती. सगळ्यांना वाटलं, ताई वाट बघतायत.