तीस तुकड्यांचा गोळा

आवडाबाई डावखुरी. ती दहा वर्षांची असताना फर्दापूरला, आईच्या चहाच्या टपरीवर, लेणी बघायला आलेल्या एका जपानी म्हातारीनं तिला कागदाचे तुकडे दुमडून एकमेकांत अडकवायला शिकवलं. डिंक नाही, दोरा नाही. प्रत्येक तुकड्याला दोन जिभा आणि दोन खिसे. एकाची जीभ दुसऱ्याच्या खिशात. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्यावाचून काही अडलं नाही.

लग्नानंतर ती औरंगाबादेत आली आणि मुलींच्या एका शाळेत शिपाई म्हणून लागली. शहागंजातल्या छापखान्यातून लग्नपत्रिकांची कतरण आणायची आणि मधल्या सुट्टीत जिन्याखाली बसून चौकोनी ठोकळे, टोकदार गोळे करायचे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं शिक्षक मंडळी म्हणायची. भूमितीच्या दमयंतीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी ते गोळे वर्गात नेले, दोन वर्षं त्यांच्यावरून शिकवलं, जिन्याखाली बसून डबाही वाटून खाल्ला. एक तुकडा करायला त्या शिकल्यासुद्धा, पण समोर बसून.

"बाजूला बसा, बाई. समोरून बघितलं की उलटा पडतोय," आवडाबाई सांगायची. बाईंना घाई असायची.

शाळेत हस्तकला शिकवायच्या तासिका निघाल्या तेव्हा संस्थेचे चिटणीस म्हणाले, जिल्ह्याच्या शैक्षणिक साहित्य प्रदर्शनाचं प्रमाणपत्र आणा, आवडाबाईचा विचार करू. शिपायाची शिक्षिका! आवडाबाईनं महिनाभर खपून तीस तुकड्यांचा, वीस टोकांचा गोळा केला. अर्ज दमयंतीबाईंनी भरला. "दोघींची नावं घालते," म्हणाल्या.

प्रदर्शनात गोळ्यापुढच्या पाटीवर एकच नाव होतं, दमयंतीबाईंचं. आवडाबाईनं पाटी दोनदा वाचली. तेवढ्यात परीक्षक आले आणि गोळ्यातला एक तुकडा काढून म्हणाले, "असा एक इथं करून बसवा."

बाईंनी केला. तो उलटा पडला. जीभ खिशात काही जाईना. बाईंनी गर्दीत नजर फिरवली. "आवडाबाई, जरा बघता का? माझं मनगट दुखतंय."

आवडाबाई पुढं झाली. आता तरी खरं सांगतील, असं वाटलं तिला. तिनं डाव्या हातानं घड्या घातल्या आणि तुकडा जागी बसवला.

"वा!" परीक्षक बाईंना म्हणाले. "शिपाईबाईंनाही शिकवलंत?"

"वेळ काढावा लागतो," बाई म्हणाल्या.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्यानं केलं असतं तर आवडाबाई तिथंच भांडली असती. पण ही डबा वाटून खाणारी बाई. ती गर्दीत मागं सरली.

प्रमाणपत्र बाईंना मिळालं, हस्तकला शिकवायच्या तासिका सिल्लोडहून आलेल्या एका मुलीला. पंधरा दिवसांनी दमयंतीबाई रंगीत कागदांचा गठ्ठा घेऊन जिन्याखाली आल्या. "राज्यासाठी निवड झाली आपली. नव्वद तुकड्यांचा गोळा हवाय. या खेपेला तुमचं नाव नक्की."

आवडाबाईनं जवळची पोती सरकवून जागा केली.

"मला कुठं येतंय, बाई? तुम्हीच शिकवलंय म्हनं. बसा, शिकवा. मंग करते."

बाई गठ्ठा घेऊन उभ्याच राहिल्या. आवडाबाई, मांडीवर हात ठेवून, त्या बसायची वाट बघत राहिली.