अल्लाबक्षभाईंना मासा मानवत नाही

भिगवणच्या मासळी बाजारात बोली तोंडानं लागत नाही. तोंडानं फक्त सर्जेराव तात्या ओरडतात. ते लिलाव पुकारतात. घेणाऱ्यांनी गप्प उभं राहायचं आणि भाव वाढवायचा असेल तर कानाची पाळी धरायची. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच माहीत नाही.

या रीतीनं अल्लाबक्षभाईंचा घात केला. त्यांच्या कानाला खाज सुटली.

पहिल्या दिवशी खाजवता खाजवता त्यांनी चिलापीच्या पाट्यांची रांगच घेतली. दुसऱ्या दिवशी वाम घेतली. त्यांच्या गिऱ्हाइकांत वाम खाणारा एकही नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही हात खिशात कोंबले आणि कान खांद्यावर घासला.

“खांद्यानं बोली?” तात्या म्हणाले. “लईच वरची दिसती. द्या रं ह्यांना मरळ!”

अल्लाबक्षभाई साठीला आलेले. मासळीचा धंदा आजोबांपासूनचा. दुसरा धंदा त्यांना येत नव्हता आणि शिकायची इच्छाही नव्हती. अंगानं बारीक, आवाजानं मोठे, आणि दाढी कोळशासारखी काळी. त्यांच्याच वयाच्या सर्जेरावांना सगळा बाजार तात्या म्हणायचा. यांना मात्र भाई. या एका शब्दावर ते खूश असत.

आता त्याच दाढीच्या कडेनं पुरळ उठलं होतं. डोळे सुजले होते.

“अवो, तोंडाचा पाव झालाय,” त्यांची बायको मेहबूबबी म्हणाली.

त्यांची मुलगी नसरीन बारामतीला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती. रविवारी ती घरी आली. बापाचं तोंड बघून ती खाली बसली.

“अब्बा, मासा मानवत नसेल तुम्हाला. तसं निघालं तर धंदा सोडावा लागेल.”

अल्लाबक्षभाईंच्या हातातला घास हातात राहिला. घास माशाचाच होता. थोडा विचार करून त्यांनी तो खाल्ला.

“पर आसं हुतंच कसं?”

“आपल्या रक्तात मदतनीस पेशी असतात. हेल्पर टी सेल.”

“टी म्हंजी च्या?” मेहबूबबीनं विचारलं.

“चहा नाही, अम्मी. टी म्हणजे थायमस. छातीच्या हाडामागं एक ग्रंथी असते. तिथं या पेशी तयार होतात. बाहेर पडतात तेव्हा अगदी कोऱ्या असतात. कुठलं काम करायचं ते ठरलेलं नसतं.”

“आपल्या सोहेलसारख्या,” मेहबूबबी म्हणाली. सोहेल धाकटा मुलगा. साहित्यात पदवी घेऊन तो घरीच होता. त्यानं हातातल्या कादंबरीचं पान उलटलं.

“मग पहारेकरी पेशी येतात. अंगात शिरलेल्याचा तुकडा आणून दाखवतात. मामला कसला आहे तेही सांगतात. त्यावरून कोरी पेशी आपलं काम धरते. जंतू आत लपून बसणारा असेल तर ती गिळणाऱ्या पेशींना जोर देते. पोटात जंत असतील तर वेगळ्या अँटिबॉडी मागवते. बुरशी असेल तर तिसरीच फौज बोलावते. आणि काही जणी नुसत्या ‘शांत व्हा, शांत व्हा’ करत फिरतात.”

“आन मारामारी?” बापानं विचारलं.

“ती शक्यतो दुसऱ्यांनी करायची. ही ओरडून सगळ्यांना कामाला लावते. ती नसली तर बाकीचे नुसते उभे.”

अल्लाबक्षभाईंचे सुजलेले डोळे जेवढे उघडता येत होते तेवढे उघडले.

“म्हंजी आपला सर्जेराव!”

दुसऱ्या दिवशी भर बाजारात त्यांनी ही आनंदाची बातमी दिली. “तात्या, तुमी हेल्पर हाय बघा!”

बाजारात हेल्पर म्हणजे टेम्पोच्या मागं बसून क्रेट उतरवणारा. तात्यांचा हात हवेत थांबला.

“उभा जल्म पुकारण्यात गेला. आन मी हेल्पर?”

“शरीरातला वो!”

“कुणाच्या शरीरातला?”

“समद्यांच्या! तुमी गप बसला तर समदं ठप्प, आसं पोरगी म्हणती.”

“मग बसतो गप,” तात्या म्हणाले. आणि बसले.

खरंच सगळं ठप्प झालं. लोक कानाची पाळी धरून उभे राहिले. पुकारायला कुणी नाही. बर्फ वितळू लागला. एक जिवंत मरळ पाटीतून उडी मारून चालती झाली; तिला अडवायला कुणी हललं नाही. शेवटी अल्लाबक्षभाईंनी भर चिखलात तात्यांच्या पायाला हात लावला, तेव्हा लिलाव पुन्हा सुरू झाला. विज्ञान खरं निघालं म्हणून ते दिवसभर खूश होते. मग कान खाजला आणि धंदा जाणार हे आठवलं.

नसरीननं त्यांना बारामतीला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी हातावर माशाचा अर्क टोचला. काहीच उठलं नाही.

“मासा असता तर एवढ्यात गांध उठली असती,” बाई म्हणाल्या. “केसांना, दाढीला काही लावता?”

अल्लाबक्षभाईंनी मुलीकडं पाहिलं. “अल्लाची देन हाय,” ते म्हणाले.

बाईंनी पाठीवर लहान लहान चौकोनी पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येकीत वेगळा पदार्थ. दोन दिवस अंघोळ बंद. मेहबूबबीनं त्यांची खाट अंगणात काढली.

पट्ट्या निघाल्या तेव्हा पाठ साफ होती. फक्त एक चौकोन लालबुंद, फोडांनी भरलेला.

“हा काळ्या कलपाचा,” बाई म्हणाल्या.

“आवो, पर बारा वर्सं कलपानं काय केलं न्हाय!” अल्लाबक्षभाई ओरडले.

मग त्यांनी दाढीवर हात ठेवला. बाई कागदावर काहीतरी लिहू लागल्या. नसरीन खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते.

परतीच्या एसटीत तिनं समजावलं. इतकी वर्षं पेशींनी कलपाकडं दुर्लक्ष केलं. मग कधीतरी पहारेकऱ्यांनी कातडीला चिकटलेला कलप नेऊन दाखवला आणि काही कोऱ्या पेशी भांडखोर झाल्या. त्यातल्या काही आठवण धरून बसल्यात. कलप लागला की त्या ओरडतात. सगळी फौज जमायला वेळ लागतो, म्हणून खाज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी.

“त्या शांत करणाऱ्या बायांना काय सांगता येत न्हाय? दाढीपुरतं?”

“नाही, अब्बा. कलप तरी सोडा, नाहीतर खाजवत बसा.”

“आन मासा?”

“मासा विका. खा. काही होत नाही.”

घरी मेहबूबबीला कळलं तेव्हा ती हसलीसुद्धा नाही. “टॉवेल काय आपोआप काळा व्हतो व्हय?”

अल्लाबक्षभाईंनी दाढी मुळापर्यंत कापली आणि काही दिवस घरात बसून वाढवली. ती कापसासारखी आली. मग एका सकाळी टोपी घालून ते बाजारात उभे राहिले.

इंदापूरच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना जागा करून दिली. “या आबा. अल्लाबक्षभाई दिसत न्हाईत आज?”

आबा. त्यांनी टोपी सारखी केली.

“त्याला मासा मानवंना,” ते म्हणाले. “मी त्याचा थोरला भाऊ.”

तात्यांनी त्यांना पायांपासून दाढीपर्यंत न्याहाळलं. “चेहरापट्टी मिळती,” ते गंभीरपणे म्हणाले. “तुमी तरी बरं हाय. धाकटा लई खाजवायचा.”

दुपारपर्यंत गावभर झालं. शेजारची छबूबाई दारात येऊन विचारू लागली, थोरले दीर कधी आले, आन ऱ्हाणार किती दिवस?

“आता हितंच,” मेहबूबबी म्हणाली आणि कटल्याचे तुकडे करू लागली. “धाकट्यापरीस गुणाचे हायत.”