माझ्या सावडीचा दिवस

१३ जुलै, रविवार. कुसुमवहिनींच्या खाचरात भाताची लावणी. आम्ही सात बायका चिखलात वाकलेल्या. वहिनी बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत, छत्री धरून. शेजारी त्यांची नात रिया, पायात पांढरे बूट. माझी लेक श्रावणी रोपांच्या मुठी उचलून आम्हाला देत होती.

खताची गोणी फोडायची वेळ आली. गोळ्या कशा टाकायच्या ते गोणीवर छापलेलं होतं. वहिनींनी चष्मा आणला नव्हता.

"आमच्या रियाचं मराठी कच्चं हाय, तिचं सगळं इंग्लिशमधी," त्या म्हणाल्या. "श्रावणी, तू वाच गं. तू तर मराठी शाळेची."

श्रावणी गोणीपुढं उभी राहिली. हात चिखलाचे. तिनं गोणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तोंड उघडलं आणि मिटलं.

"चौथीत ना गं तू?"

"व्हय."

"मग वाच की."

ती हातांचा चिखल फ्रॉकला पुसू लागली. तेव्हा रियानं बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं. चार चुडांच्या, म्हणजे रोवलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या, मधोमध एक गोळी. वाचून तिनं आजीकडं पाहिलं. बायका हसल्या. सगळ्या नाही, पण हसल्या.

वहिनी म्हणाल्या, "असू दे, असू दे. खिचडी खायला जात्यात ती पोरं, त्यांचा काय दोष. आन चूड रोवायला अक्षर कुठं लागतंय?"

मी वाकलेलीच राहिले. तोंड वर केलं नाही. पुढचा चूड रोवला, त्याच्या पुढचा रोवला. दुपारी त्यांच्या घरून आलेली भाकरी आणि पिठलंही खाल्लं. ते खाल्लं, हे मला अजून टोचतं.

आमच्याकडं, राजगडाच्या पायथ्याला, लावणी सावडीनं होते. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. पैसा मध्ये येत नाही. वहिनींनी रस्त्याकडची जमीन फार्महाऊसवाल्यांना दिली तेव्हापासून त्या स्वतः चिखलात उतरत नाहीत. परतफेडीला लक्ष्मीला पाठवतात. लक्ष्मी वरच्या धनगरवाड्यातली, त्यांच्याकडं कामाला असते. तिचीही मुलगी आमच्याच शाळेत. वहिनींची रिया मात्र पिवळ्या बसनं हायवेकडच्या शाळेत जाते. तसली ऐपत असलेली सगळी पोरं त्या बसनं जातात. मागं उरलेली नऊ पोरं आमच्या शाळेचा पट.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सावड माझ्या खाचरात यायची होती. रोपं उपटून, मुठी बांधून मी पाण्यात ठेवली होती.

रविवारी संध्याकाळी भाकऱ्या थापायला बसले. श्रावणी रोजच्यासारखी मागं बसून धडा वाचू लागली. वर्षभर ती अशीच वाचते. मी चुलीकडं तोंड करून, ती माझ्या पाठीशी. आवाज खणखणीत, कुठं अडखळत नाही. मी शेजारणींना सांगायचे, आमची पोरगी घडाघडा वाचते.

त्या दिवशी मी वळले. पिठाचा हात पुस्तकावर पालथा ठेवला. पान झाकलं गेलं.

ती वाचत राहिली.

शब्द न् शब्द बरोबर. माझ्या हाताकडं बघत.

मी पुढचं पान काढलं. "हे वाच." ती पान मागं उलटू लागली. पहिलीचं जुनं पुस्तक आणलं. तिनं 'घर' वाचलं, 'कमळ' वाचलं, पुढं जोडाक्षर आलं तिथं थांबली. तव्यावरची भाकरी करपली.

"शाळेत कसं वाचतेस मग?"

"सर म्हणत्यात, समद्यांनी संगं म्हणा. मी संगं म्हणते."

तिनं दप्तरातून एक वही काढून दिली. "सरांनी दिलीया. तुझी सही पायजे. उद्याच द्यायचीय."

मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. दोन वर्षांपूर्वी एक महिला पालक पाहिजे म्हणून नाव घातलं होतं. बैठक झाल्याची वही घरी यायची, श्रावणीच्या दप्तरातून. मी गोठ्यात असेन तर गोठ्यात, बांधावर असेन तर बांधावर सही करायचे. सहीची जागा म्हणजे सरांनी पेन्सिलीनं केलेली फुली. वर काय लिहिलंय ते मी कधी पाहिलं नव्हतं. आणि मी दहावी पास आहे. मला वाचता येतं.

त्या दिवशी वाचलं. "सर्व विद्यार्थी वयानुरूप मजकूर समजपूर्वक वाचतात, असे सदस्यांनी पडताळून पाहिले." मागची पानं उलटली. तेच वाक्य. खाली माझी सही. एका सहीशेजारी माझ्या अंगठ्याचा चिखल वाळलेला होता.

सदस्यांनी पडताळून पाहिले. म्हणजे मी.

पुढच्या वर्षी पाचवी, ती धरणापलीकडच्या शाळेत. तिथं कोण संगं म्हणणार? मग सातवीत गळती, मग एखाद्या फार्महाऊसवर भांडी. वहिनी तेच म्हणाल्या होत्या, मी फक्त त्याला दोन वर्षं सह्या देत आले होते.

नवरा दुधाचा टेम्पो लावून आला. त्याला सांगितलं. तो बराच वेळ पाय धूत राहिला.

"सही कर आन सोड," तो म्हणाला. "नऊ पोरं हायत. बोभाटा झाला तर शाळाच उचलत्याल. मग धरणाच्या कडंकडंनं चार किलोमीटर. चौथीच्या पोरीला कोण न्हेणार, तू का मी?"

मी वही पिशवीत घातली, सही न करता.

सोमवारी सकाळी साडेआठला बायका माझ्या बांधावर आल्या. पदर खोचलेले, डोक्यावर पावसाची इरली. लक्ष्मीही आली. मी वही पिशवीत घालून उभी होते.

"लावणी न्हाई आज," मी म्हटलं. "पण सावड माझी हाय. दिवस मला द्यायचाय ना तुमी?"

"आन रोपं?"

"पाण्यात हायत. दोन दिस निभत्यात."

"न्हेतीस कुठं?"

"शाळंत. पोरं वाचत्यात का ते ऐकायला."

एक जण म्हणाली, हिचं डोकं फिरलं. दुसरी म्हणाली, सावड म्हंजी सावड, जिथं न्हेल तिथं जायाचं. लक्ष्मी म्हणाली, "वयनी मला काय म्हनतील?" मी म्हटलं, "म्हणतील कायबी. तुझी पोरगी वाचती का?" ती निमूट चालायला लागली.

सरांनी नुकतंच कुलूप काढलं होतं. चिखलाच्या पायांच्या बायका व्हरांड्यात बसलेल्या पाहून ते दारातच थांबले.

"ताई, आज कसली बैठक?"

"ह्या वहीत लिहिलीय ती. पडताळून बघायची."

एकेक पोर पुढं बोलावलं. संगं नाही, एकेकटं. पान मी काढून द्यायचे. नऊपैकी दोघांनी वाचलं. लक्ष्मीची पोरगी पुस्तक उलटं धरून पाठ केलेला धडा म्हणू लागली. लक्ष्मीला ते कळलं नाही, ती कौतुकानं ऐकत होती. मला पुस्तक सरळ करून तिला दाखवावं लागलं. तिच्या तोंडावरचा रंग गेलेला मी पाहिला. काल माझाही असाच गेला असणार.

सर खाली बसले. "चारही वर्ग मी एकटा सांभाळतो. दुसरे शिक्षक वर्षभर दुसरीकडं कामगिरीवर. दिवसभर मोबाईलवर माहिती भरा, फोटो टाका. शिकवू कधी?"

"तेबी लिहू," मी म्हटलं.

"ताई, हे वर गेलं तर शाळा बंद होईल. तुमच्यामुळं झाली असं गाव म्हणेल."

तरी लिहिलं. "नऊपैकी दोन मुले वाचतात. सात वाचत नाहीत. शिक्षक एकच आहेत, दुसरे परत पाठवावेत. मागील सह्या न वाचता केल्या होत्या, त्या चूक होत्या." खाली सही केली. चार जणींनी केली, दोघी उठून गेल्या. लक्ष्मीनं अंगठा दिला.

पानाचा मोबाईलवर फोटो काढला आणि वही सरांच्या हातात दिली. श्रावणीच्या दप्तरात ती आता जाणार नाही.

माझा सावडीचा दिवस खर्च झाला होता. बायका आपापल्या कामाला गेल्या. मी खाचरात उतरले आणि एकटीच लावायला लागले. वर रस्त्यावरून वहिनींचा आवाज येत होता, त्या लक्ष्मीला बोलत होत्या. पुढच्या साली त्या मला सावडीत घेतील असं वाटत नाही. शाळा राहील असंही खात्रीनं सांगता येत नाही.

पुढच्या सोमवारी मी परत जाणार आहे. कुणी आलं नाही तर एकटी. नऊ पोरं एकेकटी ऐकीन. सही त्यानंतर.